ईकोसाठी जुना गिअरबॉक्स शोधताना: आधी आपला बॉक्स खाली उतरवा

रात्री नाशिकजवळच्या जानोरीहून गुलाबाच्या जुड्या भरायच्या, कसारा घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत दादरच्या फुलबाजारात पोचायचं, हे माझ्या मारुती ईको व्हॅनचं रोजचं काम. गाडी २०१५ची, सीएनजीवरची. दोन पावसाळ्यांमागे परतीचा घाट चढताना पहिल्या तीन गिअरना घरघर सुरू झाली आणि महिनाभरात तिसरा गिअर सटकायला लागला. त्यानंतर मी जुना, म्हणजे दुसऱ्या गाडीतून काढलेला बॉक्स एकदा नाही, दोनदा विकत घेतला. पहिला चुकीचा निघाला. उतरवण्या-चढवण्याची मजुरी दोनदा भरली, आठवडाभर भाड्याच्या टेम्पोने माल पाठवला. गाडीवर पोट असलेल्या माणसाला हा फटका किती लागतो ते मला कळलंय, म्हणून आता जे समजलंय ते सगळं सांगतो.

एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा: आपला जुना बॉक्स खाली उतरून समोर येईपर्यंत दुसऱ्या बॉक्सचे पैसे देऊ नका. ‘ईकोचाच आहे’ एवढ्यावर बॉक्स जुळत नसतो.

दोष बॉक्सचाच आहे ना?

गिअर नीट पडत नाही म्हणून बॉक्स बदलला आणि शेवटी क्लचची केबल सैल निघाली, असं होऊ शकतं. म्हणून घरीच काही गोष्टी पाहून घ्या.

इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात, पण इंजिन चालू केलं की घासतात किंवा पडतच नाहीत, असं असेल तर संशय आधी क्लचवर घ्या. पॅडल पूर्ण दाबूनही प्लेट सुटत नसेल. केबल, पॅडलचं अंतर, प्रेशर प्लेट हे आधी बघायचं.

गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल. पॅडलवरून पाय काढल्यावर आवाज येतो आणि पॅडल दाबल्यावर थांबतो, तर बहुधा बॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग गेलंय. उलट पॅडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. त्यासाठीही बॉक्स उतरवावा लागतो, पण नवा बॉक्स लागत नाही.

आवाज फक्त गाडी पळताना येतो, कुठल्याही गिअरला सारखाच येतो आणि वेगाबरोबर वाढतो, तर डिफ (चाकांना जोर वाटून देणारा डिफरन्शिअल), प्रोपेलरचा (बॉक्सकडून मागे जोर नेणाऱ्या लांब दांड्याचा) जॉइंट आणि मागच्या चाकांची बेअरिंगं तपासा. एखाद्याच गिअरला आवाज असेल तर त्या गिअरचे दाते. मागच्या चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांत चौथा गिअर बहुतेक वेळा थेट असतो, म्हणजे जोर खालच्या शाफ्टकडून न फिरता सरळ मागे जातो. म्हणून पहिल्या तीन गिअरना घरघर आणि चौथ्याला एकदम शांतता असेल, तर खालच्या शाफ्टची बेअरिंगं समजा. माझ्या गाडीचं नेमकं हेच होतं, वर तिसऱ्याचा सिंक्रो, म्हणजे गिअर न घासता पडावा म्हणून असलेली पितळी रिंग, झिजलेला.

यानंतर तेल. स्वच्छ भांड्यात काढा आणि उन्हात धरा. बोल्टच्या चुंबकाला राखाडी लोण्यासारखा बारीक थर असतो, तो वयाचा भाग आहे. सोनेरी चमक दिसली तर पितळी सिंक्रो रिंगा झिजल्यात. बोटाला टोचणारे पोलादी तुकडे निघाले तर मात्र दाते किंवा बेअरिंग फुटलंय आणि बॉक्स उघडणं अटळ आहे.

दुरुस्ती की बदली

फक्त बेअरिंगं, सील आणि एक-दोन सिंक्रो रिंगा गेल्या असतील तर आपलाच बॉक्स उघडून बांधून घ्या. माझं स्पष्ट मत आहे की आपल्या बॉक्सचा इतिहास आपल्याला माहीत असतो, दुसऱ्याच्या बॉक्सचा नसतो. गिअरचे दाते तुटलेत, शाफ्ट खराब झालाय किंवा हाउसिंगला, म्हणजे बॉक्सच्या बाहेरच्या कवचाला, तडा गेलाय, तेव्हाच बदलीचा विचार करा. तोही आकडे समोर ठेवून: अधिकृत वर्कशॉपमधून नव्या असेंब्लीचा भाव घ्या, जुन्या बॉक्सचा भाव अधिक सील-बेअरिंगांचा खर्च त्याशेजारी लिहा. जुन्याचा हिशेब नव्याच्या निम्म्याहून वर जात असेल तर मी जुन्याच्या वाटेला जात नाही.

तिसरा मार्गही आहे. हाउसिंग आपलं शाबूत असेल तर जुना बॉक्स आतल्या मालासाठी घ्यायचा आणि दोन बॉक्सचा एक करायचा. मिस्त्री हाताने चांगला हवा, पण बाहेरच्या जोडण्या आपल्याच राहतात आणि न जुळण्याची भानगड बरीच कमी होते. फक्त गिअर बदलताना जोडीने बदला. एकमेकांवर घासून बसलेल्या दात्यांची ताटातूट केली की नवा आवाज सुरू होतो.

आपल्या गाडीची ओळख

आरसी बुकावरून चासी नंबर, इंजिन नंबर आणि उत्पादनाचा महिना-वर्ष कागदावर उतरवा. नोंदणीचं वर्ष आणि उत्पादनाचं वर्ष वेगळं असू शकतं. आपल्याला उत्पादनाचं लागतं. मारुतीचा चासी नंबर ‘एमए३’ने सुरू होतो. तो पूर्ण नंबर अधिकृत पार्ट काउंटरवर दिलात तर त्या गाडीला कारखान्यात कुठला बॉक्स लागला त्याचा पार्ट नंबर मिळू शकतो. अर्ध्या तासाचं काम आहे, टाळू नका.

बॉक्सच्या हाउसिंगवर ओतीव कामात उठलेला नंबर म्हणजे पार्ट नंबर नव्हे. तो फक्त त्या साच्याचा असतो. एकाच साच्याच्या हाउसिंगमध्ये वेगवेगळ्या प्रमाणांचे गिअर बसवलेले असू शकतात; प्रमाण म्हणजे मागचा शाफ्ट एकदा फिरायला पुढचा किती वेळा फिरतो ते. दुकानदार तो नंबर दाखवून ‘सेम टू सेम’ म्हणेल. अर्धीच गोष्ट खरी असते ती.

गाड्यांची वंशावळही थोडी माहीत हवी. मारुतीची व्हॅन १९८४ साली आली, पुढे तिचं नाव ऑम्नी झालं, आणि २०१९ मध्ये ती बंद झाली. तिचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, आणि बॉक्स चार गिअरचा. ईको २०१० मध्ये ११९६ सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनासह आली, बॉक्स पाच गिअरचा. २०२२ च्या नोव्हेंबरात ईकोचं इंजिन बदललं, ११९७ सीसीचं नवं आलं. सीसीत एकाचाच फरक दिसतो म्हणून फसू नका, इंजिनाचं घराणंच वेगळं आहे. त्यामुळे २०२३ च्या ठोकलेल्या ईकोचा बॉक्स स्वस्तात मिळतोय म्हणून २०१५ च्या गाडीसाठी उचलू नका. पार्ट नंबर जुळला तरच बोला. टाटा विंगरवाल्यांचं गणित निराळं. ती पुढच्या चाकांवर चालते, तिचं डिफ बॉक्सच्या पोटातच असतं. बॉक्स बदलला की शेवटचं प्रमाणही बदलतं, म्हणून तिथे दुप्पट काळजी.

पिशवीत काय काय न्यायचं

हा भाग मी सगळ्यात मन लावून लिहितोय, कारण इथेच माझं चुकलं होतं.

पहिल्या वेळी मी फोनवर फोटो पाहून बॉक्स ठरवला. “भाऊ, ईकोचाच आहे, डोळे झाकून घेऊन जा,” असं दुकानदार म्हणाला आणि मी खरंच डोळे झाकले. बॉक्स इंजिनाला बसला, पाचही गिअर पडले, मी खूश. गाडी रस्त्यावर काढली तर स्पीडोमीटरचा काटा शून्यावर. माझ्या गाडीचा सेन्सर त्या बॉक्सच्या भोकात बसत नव्हता. त्यात मागच्या माउंटिंगचं भोक बोटभर पुढे होतं, ते मिस्त्रींनी पट्टी मारून जुळवलं होतं. मी तो बॉक्स परत काढायला लावला. पट्टीवर लटकलेला बॉक्स घेऊन भरल्या गाडीने घाट उतरायची माझी तयारी नव्हती.

दुसऱ्या वेळी बॉक्स आधी उतरवला आणि पिशवी भरली. तुम्हीही हेच करा.

जुनी क्लच प्लेट घ्या. दुकानातल्या बॉक्सच्या पुढच्या शाफ्टवर ती सरकवून बघायची. दाते मोजत बसण्यापेक्षा हे खात्रीचं. प्लेट हलक्या हाताने शेवटपर्यंत सरकली पाहिजे, डगडग झाली नाही पाहिजे. शाफ्टचं पुढचं निमुळतं टोक फ्लायव्हीलमधल्या (इंजिनाच्या टोकाच्या जड चाकातल्या) छोट्या बेअरिंगमध्ये जातं; त्याचा व्यास व्हर्निअरने मोजून आणा. शाफ्टची लांबीही मोजा. एवढ्या-तेवढ्याने लांब असेल तर बोल्ट आवळताना बेअरिंगवर दाब येतो आणि ते काही दिवसांत मरतं.

बेल हाउसिंगचा, म्हणजे इंजिनाला टेकणाऱ्या बॉक्सच्या रुंद तोंडाचा, साचा करा. गुलाबाच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा मी माझ्या जुन्या बॉक्सच्या तोंडावर धरला आणि कडेने अंगठा दाबत गेलो. सगळी बोल्टची भोकं, डॉवेल पिनांच्या जागा आणि स्टार्टरची खाच त्यावर उमटली. ती कात्रीने कापली. दुकानात तो पुठ्ठा तिथल्या बॉक्सच्या तोंडावर ठेवला की मिनिटात निकाल. डॉवेल पिना विसरू नका. इंजिन आणि बॉक्स एका रेषेत त्या धरून ठेवतात, बोल्ट नव्हे.

स्पीडोमीटरचा सेन्सर किंवा केबलचा तुकडा आणि त्याचा छोटा प्लास्टिकचा गिअर सोबत हवा. सेन्सर भोकात बसला, पण त्या गिअरचे दाते वेगळे निघाले, तर काटा चालेल आणि वेग खोटा दाखवेल. रिव्हर्स लाइटचा स्विचही घ्या, सॉकेट जुळतो का पाहायला.

मापं कागदावर: बेल हाउसिंगच्या तोंडापासून मागच्या टोकापर्यंतची लांबी, माउंटिंगच्या भोकांचं अंतर, गिअरच्या केबल जिथे अडकतात त्या लिव्हरांची जागा आणि दिशा. लांबी बदलली तर प्रोपेलर आखूड किंवा लांब पडतो. कुणी म्हणेल, प्रोपेलर कापून वेल्डिंग करू. समतोल न साधलेला प्रोपेलर सत्तरच्या वेगाला पूर्ण गाडी थरथरवतो. तिथेच नाही म्हणा. प्रोपेलरचं पुढचं टोक बॉक्सच्या मागच्या शाफ्टवर ज्या दात्यांवर सरकतं, तेही जुळवायचं. प्रोपेलर वजनदार आहे, पण दुसऱ्या गाडीत टाकून न्यायला काही हरकत नाही.

आता प्रमाण. बॉक्सच्या पुढच्या आणि मागच्या शाफ्टवर खडूने एकेक रेघ मारा. पहिला गिअर टाका. एकाने पुढचा शाफ्ट हाताने फिरवायचा, दुसऱ्याने मागच्याच्या फेऱ्या मोजायच्या. मागच्याच्या दहा फेऱ्या होईपर्यंत पुढच्याच्या किती झाल्या ते लिहा आणि दहाने भागा. पहिल्याला आकडा तीनच्या वर येतो, चौथ्याला एकास एक, पाचव्याला एकापेक्षा कमी. आपल्या जुन्या बॉक्सवर हे आधी घरी करून कागद सोबत न्या. तिसऱ्या गिअरला आकडा वेगळा आला तर तो बॉक्स वेगळ्या गाडीचा आहे, वरून कितीही सारखा दिसू दे.

नाशकात शोध कुठे

अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार ज्यांनी पाहिलाय त्यांना आधी तिथलीच आठवण येईल. महापालिकेने तो २०१७ साली उठवला, नंतर पुन्हा कारवाया झाल्या, आणि माल विकणारे शहराच्या कडेला पांगले. त्यामुळे एका रस्त्याने चालत जाऊन दहा बॉक्स पाहिले, असं आता होत नाही. शोध माणसांमार्फत करावा लागतो.

सुरुवात आपल्या मिस्त्रींपासून करा. द्वारका, वडाळा नाका, मुंबई नाका या बाजूच्या व्हॅन करणाऱ्या गॅरेजांत विचारा की गाड्या कटिंगला, म्हणजे तोडून भाग विकायला, कोण घेतं. शाळेच्या व्हॅन चालवणारे आणि ईकोच्या रुग्णवाहिकांचे चालक यांना हमखास माहिती असते. त्यांच्या गाड्या सगळ्यात जास्त झिजतात. आडगावच्या ट्रक टर्मिनलकडे व्हॅनसाठी जाऊ नका, तिथला माल जड गाड्यांचा. पिंपळगाव, सिन्नर, मालेगावलाही फोन करून ठेवा.

इथे मिळालाच नाही तर मुंबईचं कुर्ला. नाशिकहून साधारण पावणेदोनशे किलोमीटर, निवड भरपूर, पण परत द्यायला जाणं म्हणजे अख्खा दिवस. कुर्ल्याला जाणार असाल तर पिशवी आणि पुठ्ठा न्याच, आणि जमलं तर मिस्त्रींना घेऊन जा. त्यांची एका दिवसाची मजुरी चुकीच्या बॉक्सपेक्षा स्वस्त पडते. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे चालणारी नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रंही विचारून ठेवा. तिथे आलेल्या गाडीचा चासी नंबर नोंदवलेला असतो, त्यामुळे माल कुठल्या वर्षीच्या गाडीचा हे ठामपणे कळतं.

सगळ्यात उत्तम बॉक्स म्हणजे जो अजून गाडीत आहे. मागून ठोकलेली किंवा कडेने चेपलेली, पण इंजिन सुरू होणारी ईको मिळाली, तर गिअर टाकून, क्लच सोडून, आवाज ऐकून बॉक्स घेता येतो. मला दुसरा बॉक्स असाच मिळाला.

हात काळे करून तपासा

जमिनीवर पडलेल्या बॉक्सचा पुढचा शाफ्ट धरून वर-खाली हलवा. किंचित हलणं चालतं, कारण त्याचं पुढचं टोक अजून फ्लायव्हीलच्या आधाराला गेलेलं नसतं. खडखड वाजत असेल तर नको. मग फिरवा आणि कान जवळ न्या. वाळू दळल्यासारखा आवाज म्हणजे बेअरिंग. प्रत्येक गिअर टाकून फिरवा, रिव्हर्ससुद्धा. हाताला कुठे अडखळ लागली की ती जागा पुन्हा फिरवून पाहा. दर फेरीला त्याच जागी लागत असेल तर दाता मोडलाय.

हाउसिंगचे कान, म्हणजे बोल्टच्या भोकांभोवतीचा भाग, चिंधीने पुसून उजेडात बघा. ठोकलेल्या गाडीत पहिले तेच तडकतात. ॲल्युमिनियमवर वेल्डिंगचा ओघळ दिसला तर मी पुढे बघतही नाही.

तेलाचा बोल्ट उघडायला लावा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. चहासारखं दुधाळ किंवा गंजाच्या रंगाचं तेल म्हणजे आत पाणी शिरलंय. आपल्याकडे २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठे पूर आले, नदीतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली, आणि नदीकाठच्या गाड्याही पाण्यात गेल्या. बुडालेल्या गाडीचा बॉक्स बाहेरून धुतला की चकाचक दिसतो. पाणी मात्र हवा जायच्या छोट्या नळीतून आत जातं आणि बेअरिंगांवर गंजाचे ठिपके पाडून बसतं. आणि नुकतंच भरलेलं स्वच्छ तेल दिसलं तर विचारा, का बदललं?

बिल

बिलावर ज्या गाडीतून बॉक्स निघाला तिचा चासी नंबर, तारीख आणि चाचणीचे दिवस लिहून घ्या. विक्रेते बसवून पाहायला काही दिवस देतात, पण तोंडी बोलणं पुढे आठवत नाही. आरसीवर इंजिन आणि चासी नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो, म्हणून बॉक्स बदलल्यावर आरटीओत नोंद बदलावी लागत नाही. पण चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं समजायला कारण असून घेतला तर घेणाराही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली येतो. बिल न देणाऱ्याकडून कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

बसवताना

बॉक्स खाली आलाच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधलं छोटं बेअरिंग आणि बॉक्सचे पुढचे-मागचे सील नवे टाका. इंजिनाच्या मागच्या सीलातून तेल झिरपतंय का तेही आत्ताच पाहा. हे पैसे वाचवलेत तर सहा महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा.

प्रोपेलर काढण्याआधी त्याच्या आणि डिफच्या जोडावर खूण करून ठेवली असेल तर त्याच खुणेवर परत जोडा. बॉक्स चढवताना त्याचं वजन क्लच प्लेटवर लटकू देऊ नका. खालून जॅकचा आधार हवा. तोंडं हाताने टेकली पाहिजेत. बोल्ट आवळून बॉक्स ओढून घ्यावा लागत असेल तर थांबा, आत काहीतरी रेषेत नाही. जबरदस्तीने कान तुटतो.

तेल मॅन्युअलात लिहिलेल्या दर्जाचंच. ७५डब्ल्यू-९० चा जीएल-४ सांगितला असेल तर ‘त्याहून भारी’ म्हणून जीएल-५ भरू नका. डिफसाठीच्या त्या तेलातली रसायनं सिंक्रोच्या पितळेला खाऊ शकतात. भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत, गाडी सपाट जागेवर ठेवून. आणि इंजिन सुरू करण्याआधी तेल भरलंय ना, हे स्वतः डोळ्यांनी बघा. घाईच्या दिवशी हे राहून जातं.

पहिली फेरी रिकामी. मी पाथर्डी फाट्यावरून विल्होळीपर्यंत गेलो, प्रत्येक गिअरला वेग चढवला आणि पाय काढला. सटकायचा गिअर पाय काढल्यावरच सटकतो. परत येऊन खाली पुठ्ठा टाकून गाडी रात्रभर उभी केली. सकाळी पुठ्ठा कोरडा होता. मग चार दिवस शहरातच चालवली, पाचव्या रात्री निम्मा माल भरून घाट उतरलो. चाचणीचे दिवस संपायच्या आत एकदा पूर्ण वजनाने घाट चढून पाहाच, कारण दोष असेल तर तो तिथेच बोलतो.

सातआठशे किलोमीटर झाले की ते तेल काढून टाका आणि नवं भरा. काढलेलं पुन्हा उन्हात धरा, बोल्टचं चुंबक पुसा. माझ्या चुंबकावर त्या वेळी राखाडी लेपच होता, टोचणारं काही नव्हतं.